डिस्कवरची एकतिसावी भर

३ फेब्रुवारी

प्रिय पॉइंट्या,

सात वर्षांत या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. विहिरीवरच्या पंपाचं धड, तीन मापांत. त्याच पंपाचा पंखा, सहा पात्यांचा आणि आठ पात्यांचा. खडी फोडायच्या यंत्राचा जबडा. गटाराची गोल झाकणं, अक्षरांसकट. अक्षरं पटाशीने कोरली, तयार आणून चिकटवली नाहीत. एका शाळेची घंटा. बागेतल्या बाकांचे पाय, वेलबुट्टीचे. वेलीला बेचाळीस पानं, एकही दुसऱ्यासारखं नाही. तुझ्या वहिनीचं स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याचा खण बंद करताना आवाज होत नाही. मुलीला होस्टेलवर न्यायला घडीचं टेबल. फौंड्रीत साचा पाडायला दिलेले एकूण एकशे एकोणऐंशी लाकडी पॅटर्न. त्यातले तीन परत आले, आणि तीनपैकी दोनदा चूक ओतणाऱ्याची होती.

सगळं कागदावर, पेन्सिलीने, माझ्या मापांनी. ओतलेलं लोखंड थंड होताना किती आकसतं आणि लाकूड तेवढं कुठे मोठं ठेवायचं, हे मला कोणत्या कॉलेजने शिकवलं नाही आणि कोणत्या कॉम्प्युटरनेही नाही. तुझ्यावाचून काम अडलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. मी लॅपटॉप घेतला.

पंपांची मोठी कंपनी जुने पंप पुन्हा चालते करण्यासाठी त्यांचे सुटे भाग काढणार आहे. आपल्याकडची जुनी ड्रॉइंग असतील तर हवीत म्हणाले. नाहीत, असं सांगितलं. मग म्हणाले, जुने भाग मोजून नवीन ड्रॉइंग करून द्या, पण कॉम्प्युटरवर. म्हणून घेतला. दुकानदाराने एका दमात बारा गोष्टी सांगितल्या, त्यातल्या चार मी न विचारता त्याला दुरुस्त करून सांगितल्या. याला कडेला डिस्कचा खण आहे. आणि आत आधीपासूनच एक डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर भरून दिलंय. यंत्र सुरू केलं की खाली कोपऱ्यात नारिंगी चकती गरगर फिरते आणि म्हणते, तीस दिवस फुकट वापरा, पुढे विकत घ्या. माझा आज सहावा दिवस. ते चारशे बारा एमबी जागा खातं. यंत्र सुरू व्हायला एक मिनिट सात सेकंद लागतात, घड्याळ लावून तीनदा मोजलं. त्यातले याचे किती, हे ते काढल्याशिवाय कळायचं नाही.

मुलगी सुट्टीला आली आहे. तिने खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, “बाबा, उडवा ते. आता डिस्क कोण करतं?”

मी म्हटलं, “कोणी करत नाही म्हणून उडवायचं, तर मला पण उडव. लाकडाचे पॅटर्न तरी आता कोण करतं?”

“तुम्ही अनइन्स्टॉल होत नाही ना, हाच प्रॉब्लेम आहे,” असं म्हणून ती निघून गेली. तुझ्यावर गेली आहे.

डिस्कमधलं आपल्या घरात कळणारा तू एकटा होतास. म्हणून विचारतो, ठेवावं की काढावं? विचारायचं ते एवढंच, जुनं उकरायचं नाही.

ती जुनी डिस्क अजून माझ्याकडे आहे. वरच्या खणात, मापाच्या व्हर्नियरच्या शेजारी. दर शनिवारी माझे तपकिरी कागद घेऊन तू बसायचास, मी मापं ओरडून सांगायचो, तू कॉम्प्युटरवर ओढायचास, आणि त्या आठवड्याची ड्रॉइंग त्याच डिस्कवर भर घालून ठेवायचास. दोनशे बारा झाली होती. कागद आपण दोघांनी मिळून जाळले, आता कशाला हवेत म्हणून. मग तुझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, आणि ती डिस्क उघडली तर आत एकच फोल्डर. त्यात एक फ्लँज, पाइप जोडायचं भोकांचं कडं. बाकी साफ. त्याच महिन्यात पुलापलीकडच्या पॅटर्नवाल्याने आपलंच पंपाचं धड, जसंच्या तसं, फौंड्रीत आणून दाखवलं. डिस्कला तुझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. मी चोर म्हणालो तो हे सगळं समोर ठेवून म्हणालो. कोणीही म्हणालं असतं. चहाच्या वेळी, पाच माणसांसमोर म्हणायला नको होतं, हे तुझ्या वहिनीचं मत आहे, ते तुला कळवतो.

फोन का केला नाही असं वाटेल. वहिनी म्हणते, फोनवर माझा आवाज भांडायला उठल्यासारखा येतो. कागदाला आवाज नसतो.

चोवीस दिवस उरलेत. उत्तर दिलंस तर बरं.

दादा


१४ फेब्रुवारी

पॉइंट्या,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. “काढू नये. त्यात जुनी डिस्क घालून सर्व सेशन पाहावीत. आपला,” आणि खाली सही.

‘आपला’ पाहिलं. आयुष्यभर मला ‘अरे दादा’ म्हणत आलास, मारामारी करतानासुद्धा. एकदा माझ्या पायावर हातोडा पाडलास तेव्हाही ‘सॉरी रे’ म्हणाला होतास. असो. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे कललेलं.

सर्व सेशन म्हणजे काय, हे मी कोणाला विचारलं नाही. मुलगी सांगायला निघाली होती, तिला थांबवलं. सॉफ्टवेअरमधली मदतीची पानं वाचली, एकोणीस पानं, समोर शब्दकोश घेऊन. माझ्या समजुतीप्रमाणे ते असं. आपल्या मांडणीवर एकापुढे एक पॅटर्न लावले की पुढचा तेवढा दिसतो, मागचे असतात पण दिसत नाहीत. डिस्कवर दर खेपेला भर घातली की नवीन थर पडतो. त्या थराला मागच्या थराशी जोडून दिलं, तर सगळं एकत्र दिसतं. जोडलं नाही, तर साधा कॉम्प्युटर फक्त शेवटचा थर दाखवतो आणि मागच्यांची ओळखच देत नाही. डिस्कवरचं पुसलं जात नाही. पुसता येतच नाही. हे सॉफ्टवेअर मात्र सगळे थर वेगवेगळे उघडून दाखवतं.

डिस्क घातली. खण कुरकुरला, मग गप्प झाला, मग यादी आली. सेशन एक ते एकतीस.

तिसावं उघडलं. दोनशे बारा ड्रॉइंग. दोनदा मोजली, दुसऱ्यांदा खालून वर.

पहिलं उघडलं ते तीन इंची पंपाचं धड. आतली पोकळी पाडणाऱ्या कोअरच्या टोकापाशी साडेतीन मिलिमीटरची दुरुस्ती आहे, ती मी पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगितली होती आणि तू म्हणाला होतास, “साडेतीन की तीन पॉइंट सहा?” तिथे तीन पॉइंट सहा लिहिलंय. मी जुना ओतीव तुकडा काढून मोजला. तीन पॉइंट सहाच आहे. तेव्हा मीच ढोबळ सांगितलं होतं.

तुझी वहिनी तीनदा जेवायला बोलावून गेली. मी तीनदा “आलोच” म्हटलं. चौथ्यांदा तिने ताट झाकून ठेवलं आणि स्वतः येऊन शेजारी बसली. शंभराव्या ड्रॉइंगपर्यंत बसली होती.

तर, तू सगळं भरलं होतंस. हे खरं निघालं. मी तसं लिहून देतो.

मुलगी म्हणाली, “मिळालं ना सगळं? कॉपी करून घ्या आणि उडवा आता.” कॉपी घेतली, दोन ठिकाणी. पण उडवणार नाही म्हटलं. ज्या हत्याराने एवढं काम केलं ते दुसऱ्याच दिवशी भंगारात द्यायचं, हे मला जमत नाही. तेरा दिवस अजून फुकट आहेत, मग बघू.

एकतिसाव्यात तो कच्चा फ्लँज आहे, बाकी काही नाही. तिथे जोड तुटली एवढं दिसतंय. दोष तेव्हाच्या प्रोग्रॅमचा असावा. म्हणजे तुझा नाही आणि तसा कोणाचाच नाही. पुलापलीकडच्याचं काय ते त्यालाच माहीत. माझ्या बाजूने हे प्रकरण मिटलं असं धर.

कंपनीला कळवलं की ड्रॉइंग मिळाली. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो आहे.

दादा


१७ फेब्रुवारी

पॉइंट्या,

मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो, तर तुझी वहिनी लॅपटॉपसमोर बसलेली. चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकवून. ती शाळेत हजेरीपट लिहिते, तुला ठाऊक आहे. रकाना दिसला की तिला राहवत नाही.

“हे तीस शनिवार आहेत,” ती म्हणाली. “बारा जानेवारी ते दोन ऑगस्ट. एकही चुकलेला नाही. भाऊजींचं कौतुक आहे.”

“हं.”

“आणि हा एकतिसावा मंगळवार आहे. बारा ऑगस्ट, दुपारी चार दहा. हा मंगळवार कुठून आला?”

“असेल कुठून तरी.”

“भाऊजी सात तारखेला गेले होते. त्यांच्या सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. मीच दवाखान्यात दोन रात्री बदली जाऊन बसले होते, म्हणून मला तारखा पाठ आहेत. वीसला परत आले.” मग चष्मा खाली घेतला. “मंगळवारी चार दहाला वर्कशॉपमध्ये कोण होतं?”

मी म्हटलं, “चहा ठेव.”

ती उठली नाही. “कोण होतं ते सांगा, मग ठेवते.”

आता तुला लिहितो ते तिला जसं सांगितलं तसंच.

मी होतो. फ्लँजचं ड्रॉइंग मी केलं होतं, तुझ्या कॉम्प्युटरवर, तू नसताना. तू दोन वेळा शिकवलं होतंस, मी लक्ष नसल्यासारखं दाखवलं होतं, पण सगळं बघितलं होतं. सहा तास लागले. तुला वीस मिनिटं लागली असती. चांगलं झालं होतं, सांगायला हरकत नाही. वाटलं, तू आलास की दाखवीन, डिस्कवर भरलेलं सुद्धा, म्हणजे तुला कळेल की मलाही येतं.

डिस्क घातल्यावर त्याने विचारलं, आधीच्याला जोडून लिहू, की स्वतंत्र सुरू करू? मी थांबलो, विचार केला. घाईत काही केलं असं समजू नकोस. आपल्या वर्कशॉपचा नियम काय आहे? ज्या पॅटर्नवरून एकदा ओतून माप पडताळलं नाही, तो पडताळलेल्यांच्या मांडणीवर जात नाही. तो वेगळा, दाराजवळच्या फळीवर. फ्लँज अजून ओतलेला नव्हता. कच्चा होता. तो दोनशे बारा पक्क्यांमध्ये कसा मिसळू? म्हणून ‘स्वतंत्र’ निवडलं. दुसरा कोणी असता तर त्याने पहिलं बटण दाबलं असतं आणि काही बिघडलं नसतं. मी विचार करून दाबलं.

तू आलास, हार्ड डिस्क आधीच्या दिवशी गेलेली, फौंड्रीचे मालक ड्रॉइंग मागायला चार माणसं घेऊन आपल्या अंगणात उभे. तू तुझा छोटा कॉम्प्युटर आणून डिस्क लावलीस आणि वर बघून विचारलंस, “दादा, हा फ्लँज कोणी भरला?” साधं विचारलंस. रागाने नाही.

मी म्हणालो, “मी नाही. मला काय कळतं त्यातलं.”

का म्हणालो, ते सात वर्षं स्वतःशी वेगवेगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलंय. मालक उभे होते. ओतारी तात्या उभे होते. महिनाभर आधी मी तुझा कॉम्प्युटर चुकीचं बटण दाबून बंद पाडला होता आणि तू हसत त्यांच्यासमोर म्हणाला होतास, “दादाला लाकूड द्या, बाकी कशाला हात लावू देऊ नका.” सगळे हसले होते. मीही हसलो होतो. ते माझ्या डोक्यात होतं. पुन्हा हसतील एवढंच वाटलं. दोनशे बारा ड्रॉइंग दिसत नाहीयेत, याचा फ्लँजशी काही संबंध असेल हे तेव्हा खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, मी एक वाढवलंय, कमी कुठे केलंय?

पण मी ‘मी नाही’ म्हटल्यावर तू एकटाच उरलास. मालक तुझ्याकडे बघायला लागले. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. त्याऐवजी मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोललो. जो शब्द बोललो, तो पुन्हा लिहीत नाही.

तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. तुला कळलं होतं की नाही, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. कार्डावर ‘सर्व सेशन पाहावीत’ लिहिलंस, त्यावरून वाटतं की कळलं होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं की डिस्कला तुझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. ते खोटं होतं. दुसऱ्या पत्रात प्रोग्रॅमचा दोष लिहिला, तेही लिहिताना मला तारीख दिसलेली होती.

माझं चुकलं. हे वाक्य आधी पेन्सिलीने लिहून पाहिलं, आता पेनाने लिहिलं आहे.

वहिनीने चहा ठेवला. पण बोलत नाही. काल रात्रीपासून मुलीमार्फत निरोप येतात. “आईने विचारलंय, बाबांना भाजी वाढू का.”

दादा


२२ फेब्रुवारी

पॉइंट्या,

तुझ्याकडून काही आलं नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही. झालं ते कळवतो.

काल फौंड्रीत गेलो, चहाच्या वेळी. तेव्हा ऐकणारे पाच होते. एक वारला, एक नोकरी सोडून गेला. तिघं आहेत, मालक, ओतारी तात्या आणि वजनकाट्यावरच्या बाई. काम नसताना मी तिथे जात नाही, त्यामुळे तात्या लांबूनच ओरडले, “काय पॅटर्नवाले, वाट चुकलात का कोणी हाकललं घरातून?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

मालकांनी स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. माझ्या भावाने काही नेलं नव्हतं. डिस्कवर मी हात मारला होता, माझ्यामुळे ड्रॉइंग झाकली गेली, त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ड्रॉइंग सगळी सापडली आहेत. सगळी त्याने भरलेली. एवढं बोलायला एक मिनिटही लागलं नाही. मला वाटलं होतं जास्त लागेल.

तात्यांनी कप खाली ठेवला.

“ते ठीक आहे. पण मग पुलापलीकडच्याकडे आपलं धड गेलं कसं? ते तर मी डोळ्यांनी बघितलं होतं. जसंच्या तसं.”

मी म्हटलं, “ते मला अजून माहीत नाही.”

मालक खोकले. एकदा, दोनदा. तात्या त्यांच्याकडे वळले. “काय झालं? धूर गेला का?”

“मी दिला होता त्याला एक ओतीव नमुना,” मालक म्हणाले. “तो किती कमी भावात पॅटर्न करून देतो ते बघायला. त्यावरून मोजून केलं त्याने.”

“आणि सात वर्षं बोलला नाहीत?” मी विचारलं.

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर लगेच भावाचंच नाव घेतलंत. मी म्हटलं, यांचं घरातलं काहीतरी असेल, आपण कशाला मध्ये पडा.”

मी त्यांच्यावर चढणार होतो. जीभ उचललीही होती. पण मग लक्षात आलं, की ते गप्प बसले आणि मी गप्प बसलो, यात चढण्यासारखा फरक माझ्याकडे नाही. मी स्टुलावर बसलो.

काट्यावरच्या बाई इतका वेळ पावत्या लावत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी उगाच ना? ते गाव सोडून जायच्या आधी चार महिने मला दुकानात दिसायचे. मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायचे. एकदा तर त्यांनी माझी पडलेली पिशवी उचलून दिली, मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आता माझं काय करायचं? सांगा.”

मी स्टुलावरून उठलो.

“पत्ता द्या,” त्या म्हणाल्या. मी दिला. तेव्हा त्यांच्याकडून काही आलं तर तुला समजेल कशाबद्दल आहे.

तात्यांनी निघताना माझ्या दंडाला धरलं. “पॉइंट्याला सांगा, तो गेल्यापासून माझी कोणी टर उडवत नाही. चहा फिका लागतो.” हे त्यांचे शब्द. माझे नाहीत, पण लिहून घेतले.

घरी आलो तर वहिनीने दार उघडता उघडता विचारलं, “सांगितलंत?” म्हणजे मुलीमार्फत नाही. स्वतः.

दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय पॉइंट्या,

आज तिसावा दिवस. सकाळी चकती गरगरली आणि म्हणाली, शेवटचा दिवस. मुलगी म्हणाली, आता तरी. मी विकत घेतलं. पंचवीस आकड्यांची किल्ली स्वतः टाइप केली, एकदाही न चुकता. ती बघत होती. काही बोलली नाही, याचा अर्थ तिच्या भाषेत शाबास.

घ्यायचं कारण सोबतच्या पाकिटात आहे. नवीन डिस्क केली, दोनशे बारा आणि फ्लँज मिळून दोनशे तेरा. या वेळी सगळं एका थरात. फ्लँज पुढे ओतून पडताळला होता, माप बरोबर आलं होतं, त्यामुळे आता तो पक्क्यांमध्ये ठेवायला हरकत नाही. डिस्क माझ्या यंत्रावर, मुलीच्या यंत्रावर आणि लॅपटॉपच्या दुकानातल्या यंत्रावर उघडून बघितली. दुकानदार म्हणाला, “काका, पेन ड्राइव्हवर दिलं असतं.” त्याला सांगितलं, पेन ड्राइव्हवरचं कोणीही पुसू शकतं. ही तुझी आहे, माझ्याकडे वेगळी प्रत आहे.

कंपनीचा माणूस मंगळवारी आला होता. टाय लावलेला, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. चपला बाहेर काढल्या आणि मग सगळा वेळ मोज्यातलं भोक लपवत बसला. ड्रॉइंग बघून मात्र खूश झाला. एकेक मोठं करून बघत होता. माणूस कामातला आहे, वाईट नाही.

मग त्याने कागद काढला. तीन पानी. मी ओळ न् ओळ वाचली, त्याने दोनदा घड्याळाकडे बघितलं. त्यात लिहिलेलं, ही सर्व ड्रॉइंग सही करणाऱ्याने एकट्याने केलेली आहेत आणि त्यांवर अन्य कोणाचा हक्क नाही.

मी म्हटलं, “हे बरोबर नाही. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आहे, बघा. मापं कोणाची, ओढलं कोणी. दोन नावं आहेत.”

“हो, ते पाहिलं मी,” तो म्हणाला. “त्यासाठी काही मोठं करायचं नाही. फक्त तो कोपरा पुसायचा. बाकी ड्रॉइंगला धक्का लागणार नाही.”

“पुसायचा.”

“दोन नावं असली की आमच्या वकिलांकडे जातं, काका. तिथे सहा महिने, वर्ष, कधीकधी परतच येत नाही. एकाचं असलं की आज सही, सोमवारी पैसे. भाऊ आहेत ना तुमचे? घरातलेच आहेत. नंतर द्या की त्यांना त्यांचे. आम्ही कुठे विचारायला येतोय.”

तुझी वहिनी दाराशी उभी होती, पदराला हात पुसत. छताचं काम काढायचं आहे, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मला सोपं जावं म्हणून गेली, असं मी धरलं. नंतर विचारलं तर म्हणाली, दूध उतू जात होतं.

मी त्याला सांगितलं, की एकदा सगळ्यांसमोर याचं नाव पुसून झालंय, आता पुन्हा नाही. त्याला काही कळलं नाही, मी कळवत बसलोही नाही. ड्रॉइंग माझ्या भावाने ओढली आहेत, विकायची की नाहीत हे त्याला विचारा, असं म्हणून तुझा पत्ता कागदाच्या मागे लिहून दिला. माझी हरकत नाही, असंही लिहून सही करून दिलं. तू एकट्याने दिलीस तरी चालेल. दोघांची सही घालून दिलीस तरी चालेल. दिलीच नाहीस, तरी मी विचारणार नाही.

तो तुझ्याकडे येईलच. चांगला आहे, पण कंपनीचा आहे. तू लांब आहेस, तुला इथलं माहीत नाही, असं समजून कमी बोलेल. म्हणून मला काय देत होते ते तुझ्याजवळ लिहिलेलं असावं. त्याच्या खाली उतरू नकोस.

एकट्याची सही, कोपरा पुसून, सोमवारी एकरकमी, चौदा लाख पंचवीस हजार. मी नाही म्हटलं.